सावलीत वाळलेला पाला

आधी चिमटीत घे, मग भाव विचार.
हिरवी आहे ना भुकटी? अजून हिरवी?
पलीकडच्या दोघींची बघ, राखेसारखी झालीय.
त्या छपरावर पसरतात पाला, भर उन्हात.
दोन दिवसांत वाळतो, झालं.
माझा आठ दिवस घरात असतो,
चटईवर, रांजणामागे, नवऱ्याच्या खाटेखालीसुद्धा.
तो कुरकुरतो. कुरकुरू दे.

उन्हानं पाल्यातली नजर उडते, आई म्हणायची.
तुझ्या दवाखान्यातल्या भिंतीवर
त्या नजरेचं दुसरं काही नाव लिहिलंय.
तुझ्याआधीची नर्स झुवेरा, तिनं वाचून दाखवलं होतं:
चुना, लोह, आणि पुढं एक अक्षर.
असेल.
आम्ही एवढंच बघतो,
दिवेलागणीला ठेचकाळणारं पोर
शेळ्या मोजायला लागलं की नाही.

तू नियामेची, तुला सांगायला हवं.
झाडाचं नाव कुका, भुकटीचं कुका, कालवणाचंही कुका.
पाऊस लांब असतो, कणगीचा तळ दिसायला लागतो,
तेव्हा या गोरखचिंचेला पालवी फुटते.
कोवळा पाला पाच बोटांचा, तान्ह्याच्या हाताएवढा.
तोच खुडायचा. जून पाला घोड्यांना.

झाड सांदाच्या घराण्याचं.
वर्षाला एक कोंबडी देते त्यांना,
आणि शेंडा छाटत नाही, असा शब्द.
खोडात खुंट्या ठोकल्यात त्या माझ्या गंबोनं,
बांबूला विळा बांधून तोच चढायचा.
तो उत्तरेला गेला, सोन्याच्या खड्ड्यांकडे.
आता मी चढते.
बाईमाणूस झाडावर, म्हणून बाजारात हसले,
मग पाल्यासाठी माझ्याकडेच आले.

काय काय बरं होतं म्हणतेस?
ढाळ लागली तर पेज. ताप आला तर काढा, घाम फुटेपर्यंत.
बाळाला पाल्याच्या कोमट पाण्यात न्हाऊ घालतो,
कातडी तुळतुळीत होते,
सवतीच्या बाळाचीही, काय करणार.

पण सगळ्यावर पाला चालतो
असं सांगणारी मी नव्हे.
गंबो जुळ्यांच्या पाठचा. जुळ्या दोघी होत्या.
हसानाला दम लागायचा.
उकळून पाजलं, वाफ दिली, छातीवर लेप घातला,
सात रात्री.
तेव्हा दवाखाना नव्हता, दवाखान्याचा रस्ताही नव्हता.
उसेना आता चार पोरांची आई आहे, आणि अजून
कुठलंही कालवण वाढताना एक वाटी जास्तीची काढते.
मी काही बोलत नाही. नंतर मीच खाते ती वाटी.

म्हणून सांगते, तुझ्या फितीत ज्याचा दंड लाल दिसेल
त्याला आधी तुझं औषध दे, गाडीत घालून मोठ्या गावाला ने.
पिवळा दिसला तर
त्याच्या आईला माझ्याकडे पाठव. पैसे नंतर.

आता कृती ऐक.
कांदा, वाळवलेली मासळी, दद्दवाचा खडा.
त्याचा वास येतो, नाक मुरडू नकोस.
उकळी बसली की उजव्या हातानं घोट,
डाव्यानं भुरभुर. एकदम ओतलंस तर गुठळ्या.
पळी उचलल्यावर तार धरली पाहिजे.
बाजरीचा गोळा बुडवायचा आणि चावायचा नाही.
शहरातले पहिल्या घासाला घाबरतात.
सोडून दे, तो आपला आपण उतरतो.

उत्तरेकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याजवळ
तीन पुड्या पाठवल्या गंबोला.
निरोप एकीचाच आला:
आई, इथं पाणी विकत आहे,
कालवण घट्टच करतो.

शंभर फ्रँकची एक वाटी. थांब,
सपाट नाही भरत मी, शीग लावते.
आणि ही वरची मूठ,
ही मोजायची नसते.